मुंबई इलाख्याचा पहिला पंतप्रधान साताऱ्याचा होता: सर धनजीशा कूपर

वाठार_स्टेशन

निवडणुका आल्या की साताऱ्यातल्या प्रत्येक सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: या जिल्ह्याने महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. यशवंतराव चव्हाण, बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण, एकनाथ शिंदे. नावं घेतली जातात, टाळ्या पडतात आणि भाषण पुढे सरकतं. त्या यादीच्या बऱ्याच आधी, १ एप्रिल १९३७ ला, मुंबई इलाख्याचं पहिलं मंत्रिमंडळ ज्या माणसाच्या नावाने बनलं तोही साताऱ्याचाच होता, हे कुणी सांगत नाही. सर धनजीशा बोमनजी कूपर. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. इलाखाही लहान नव्हता. वर गुजरातचे जिल्हे, मधे आपला देश आणि कोकण, खाली धारवाड-कारवारपर्यंत.

मला या माणसाबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्याकडे त्यांची आठवण दोन तुकड्यांत राहिली आहे. शेतकऱ्यांना कूपर नांगर आणि कूपर इंजिन आठवतं. इतिहासाच्या पुस्तकांत एक ओळ असते, की काँग्रेसच्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या आधी कूपर यांचं अल्पकाळाचं मंत्रिमंडळ होतं. कारखानदार आणि पंतप्रधान एकच माणूस होता, आणि एकातून दुसरा कसा घडला, हे मात्र कुठे सलग वाचायला मिळत नाही.

जन्म १८७८ चा, साताऱ्यातला. पारशी कुटुंब, परिस्थिती बेताची. पुढे धंद्यात पैसा मिळवला आणि १९२२ साली सातारा रोडला, म्हणजे पाडळीला, कारखाना काढला. जागा बघा. मीटरगेजच्या काळात रेल्वे सातारा शहरात येतच नव्हती. पुणे-मिरज लाइन शहराला बाजूला ठेवून कोरेगावच्या अंगाने जायची आणि साताऱ्यासाठीचं स्टेशन म्हणून नाव पडलं सातारा रोड. लोखंड ओतायचं म्हणजे बिडाचे ठोकळे आणि कोक बाहेरून आणायचा आणि तयार माल बाहेर धाडायचा. बैलगाडीवर हे परवडणारं नव्हतं. त्याच लाइनवर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली होती. कऱ्हाड स्टेशनला लागून ओगल्यांचा काचकारखाना होता, प्रभाकर कंदील तिथलाच. जुन्या सातारा जिल्ह्याच्या परिसरात, एकाच रेल्वेमार्गावर, दहा-बारा वर्षांत हे तीन कारखाने उभे राहिले. मुंबई-पुण्याबाहेर त्या काळात अशी दुसरी पट्टी मला तरी माहीत नाही.

कूपर यांचा पहिला माल नांगर. १९३३ साली त्यांच्या कारखान्यातून डिझेल इंजिन बाहेर पडलं, भारतात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्याची नोंद केली जाते. देशात इंग्रजी बनावटीची इंजिनं येत असताना कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात हे घडलं.

कारखाना चालू असतानाच त्यांचं राजकारण सुरू झालं होतं. सातारा नगरपालिका, मग डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, ब्राह्मणेतर पक्ष, मुंबईचं कायदेमंडळ. १९३० नंतरच्या दशकात आधी स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री, मग गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात. खानबहादूर झाले, सर झाले. आणि १९३७ साली पंतप्रधान.

ते मंत्रिमंडळ १९ जुलै १९३७ ला गेलं. १०९ दिवस. माझं म्हणणं एवढंच आहे की या १०९ दिवसांवरून त्या माणसाचं मोजमाप करू नये, आणि त्या दिवसांची अडचण वाटते म्हणून त्यांना यादीतून वगळूही नये. तुमच्याकडे घरातल्या आठवणी, ऐकीव गोष्टी, जुनी कागदपत्रं असतील तर लिहा.

तासगावकर

चांगला विषय काढलात, पण यादीत न घेण्याला कारण आहे आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. बहुमताला दोन कमी. उरलेले बाकी सगळे विखुरलेले. काँग्रेसने सत्ता घ्यायला नकार दिला, कारण गव्हर्नरने आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरू नयेत असं आश्वासन हवं होतं. ते मिळेना. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी कूपर यांना बोलावलं आणि ते गेले. ज्यांच्यामागे सभागृह नाही, ज्यांच्यामागे पक्ष म्हणावा असा पक्ष उरलेला नाही, त्यांनी खुर्चीत बसायचं ते फक्त गव्हर्नरच्या भरवशावर. सभागृह भरलं असतं तर पहिल्या मतदानाला सरकार पडलं असतं. म्हणून ते भरलंच नाही. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि गव्हर्नरने बसवलेला मुख्यमंत्री एका ओळीत कसे लिहायचे?

वाठार_स्टेशन

तासगावकर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. फक्त दोन गोष्टी त्यात जोडतो.

पहिली म्हणजे हे एकट्या मुंबईत झालं नाही. काँग्रेसने नकार दिला त्या सहाही प्रांतांत अशी तात्पुरती मंत्रिमंडळं बसली. संयुक्त प्रांतात छत्तारीचे नवाब, बिहारमध्ये मोहम्मद युनूस, मध्य प्रांतात राघवेंद्र राव, मद्रासला के. व्ही. रेड्डी नायडू, ओरिसात पर्लाकिमिडीचे महाराज. कूपर हे त्या साखळीतले एक. १९३५ च्या कायद्यात नव्या सभागृहाची पहिली बैठक सहा महिन्यांच्या आत घ्यायची होती. तेवढी मुदत गव्हर्नरांच्या हातात होती आणि ती त्यांनी वापरली. जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्ता स्वीकारायचं ठरवलं आणि सगळीच मंत्रिमंडळं एकापाठोपाठ गेली.

दुसरी म्हणजे त्या मंत्रिमंडळातली माणसं. जमनादास मेहता टिळकांच्या परंपरेतले, लोकशाही स्वराज्य पक्षाचे. सिद्धप्पा कांबळी धारवाडकडचे, ब्राह्मणेतर चळवळीतले. दहा वर्षांपूर्वी हे लोक एका व्यासपीठावर आले नसते. म्हणजे काँग्रेसबाहेर जे जे उरलं होतं ते सगळं गोळा करूनही बहुमत होत नव्हतं, हे कूपर यांना दिसत असणारच. तरी ते गेले. का गेले, हा मला खरा प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर मुंबईत नाही, साताऱ्याच्या लोकल बोर्डात आहे.

निवृत्त_मास्तर

लोकल बोर्डाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे वडील बोर्डाच्या शाळेत शिक्षक होते, त्यांच्या तोंडून हे सगळं ऐकलेलं आहे.

आज जिल्हा परिषद म्हणतात ती १९६२ पासूनची. त्याआधी डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड. फार जुन्या काळी कलेक्टरच बोर्डाचा प्रमुख असायचा, पण १९२० नंतर लोकनियुक्त अध्यक्ष आले. बोर्डाकडे पैसा कुठून यायचा? शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड. त्यातून गावोगावचे रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने. हे एवढंच असतं तर अध्यक्षपद मानाचं राहिलं असतं, ताकदीचं झालं नसतं. पण १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि प्राथमिक शाळा बोर्डाच्या हाताखालच्या स्कूल बोर्डाकडे गेल्या. शाळा म्हणजे शिक्षक. शिक्षकाची नेमणूक, बदली, बढती सगळं बोर्डाच्या हातात.

त्या काळच्या गावात शिक्षक म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. पत्र वाचून दाखवणारा तोच, अर्ज लिहून देणारा तोच, मतदारयादीतलं नाव बघून देणारा तोच. पाटील आणि कुलकर्ण्यांखालोखाल गावावर त्याचं वजन. असे शेकडो शिक्षक ज्याच्या शब्दावर इकडचे तिकडे होतात, त्याला जिल्ह्यात वेगळा प्रचार करावा लागत नाही. वडील म्हणायचे, बदलीचा हुकूम आला की आधी विचारायचे, कुणाच्या माणसाला दुखावलं? या कारभाराला त्या वेळी लोक कूपरशाही म्हणत. शब्द विरोधकांचा होता, पण तो सगळीकडे रुळला होता.

पण त्याच बोर्डाने बहुजन समाजातली पुष्कळ मुलं मास्तर म्हणून घेतली, हेही वडील सांगायचे. आधी शिक्षकाच्या खुर्चीत एकाच समाजाचा माणूस दिसायचा. ब्राह्मणेतर पक्षाच्या हातात बोर्ड आलं आणि ते बदललं. माझ्या वडिलांची नोकरी त्याच बदलातली. त्यामुळे आमच्या घरात कूपर यांच्याबद्दल राग होता आणि उपकाराची जाणीवही होती.

पुढे १९३८ साली खेर सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि बोर्डांचे हात बरेच बांधले गेले.

अबोली_कऱ्हाड

मास्तर, फार मोलाचं लिहिलंत. कर्मवीरांचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही?

भाऊराव पाटील आधी ओगल्यांचे आणि किर्लोस्करांचे विक्रेते होते. कंदील आणि नांगर विकत ते गावोगाव फिरले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ ची, आमच्या कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावची. नंतर ते कूपर यांच्याबरोबर आले. पाडळीचा कारखाना उभा करण्यात भाऊरावांचा मोठा वाटा होता. नांगर कसा असावा, कुठल्या मातीत काय चालतं, कुठल्या गावात कोण रोख घेईल आणि कोण सुगीवर, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कारखान्याच्या कमाईतून बहुजनांच्या शिक्षणाला पैसा मिळेल, या बोलीवर त्यांनी जीव ओतला. कारखाना चालू लागला आणि ती बोली पाळली गेली नाही. भाऊराव बाहेर पडले. कर्मवीरांच्या चरित्रांमध्ये हा प्रसंग येतो आणि तो वाचताना आजही चीड येते.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिलं गेलं. वसतिगृहातल्या मुलांना भाकरी मिळावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. ज्या कारखान्याच्या उभारणीत नवरा राबला, त्याच्या नफ्यातला ठरलेला भाग आला असता तर त्या माउलीच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोडायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

कूपर यांनी काय केलं हे मोजताना काय करता आलं असतं हेही मोजा. संधी दारात चालत आली होती.

वाठार_स्टेशन

अबोलीताई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फाटा मला तिथेच दिसतो. १९२२-२३ च्या सुमाराला पाडळीत एका बाजूला भांडवल होतं, दुसऱ्या बाजूला गावोगाव पायी फिरून माणसं जोडलेला कार्यकर्ता होता. दोघं एकत्र राहिले असते तर ब्राह्मणेतर पक्षाला साताऱ्यात कारखान्याचा पैसा आणि शाळांचं जाळं दोन्ही मिळालं असतं. फाटल्यावर भाऊराव शाळांकडे गेले आणि कूपर बोर्डाकडे.

पाडळीचा_पोरगा

मी राजकारणातलं फार सांगू शकत नाही, नांगराचं आणि इंजिनाचं सांगतो. आमच्या घरातली दोन माणसं कारखान्यात होती आणि शेतावर मालही तिथलाच.

लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. चार-पाच इंच खाली गेला तर गेला. लोखंडी नांगर माती उलटी पालथी घालतो. हराळी आणि कुंदा हे चिवट तण ज्याच्या रानात आहे त्याला याचा अर्थ कळेल. कुंद्याची मुळं हातभर खाली असतात, वरवर उकरलं की आणखी जोमानं फुटतो. लोखंडी नांगरानं एकदा उन्हाळ्यात खोल नांगरट केली, ढेकळं उन्हात तापली, की मुळं वर येऊन वाळायची. पण ओढायला तेवढी बैलं लागायची. काळ्या रानात तीन-चार जोड्या जुंपायच्या. एकट्याच्या दावणीला एवढी बैलं नसायची, म्हणून वारंगुळा. आज तुझं रान, उद्या माझं. आणि नांगर आयुष्यात एकदा घेतला तरी फाळ झिजतो, तो दर एक-दोन वर्षांनी घ्यायचाच. कारखान्याची खरी मिळकत त्या फाळात होती असं आमचे आजोबा म्हणायचे.

इंजिनाचं तर विचारू नका. मोटेवर दोन बैल आणि एक माणूस दिवसभर राबला तर भिजायचं किती, दहा-पंधरा गुंठं. इंजिन बसलं आणि रात्रीचं भिजवणं सुरू झालं. चालू करायचं म्हणजे कला होती. डिकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी पट्टी उचलून धरायची, हँडल लावून चाक फिरवायचं, चाकानं गती घेतली की पट्टी सोडायची. पहिला बार निघाला की त्याच क्षणी हँडल ओढून घ्यायचं. उशीर झाला तर मनगट गेलं समजा. आमच्या भावकीतले एक काका त्यातच हात मोडून घेऊन बसले होते. इंजिन थंड ठेवायला जे पाणी फिरायचं ते कोमट होऊन हौदात पडायचं आणि थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं तिथंच आंघोळी उरकायचो. गुऱ्हाळाचा चरक त्याच इंजिनावर, पट्टा बदलला की पिठाची गिरणी त्याच इंजिनावर. आवाजावरून सांगायचे लोक, अमक्याचं इंजिन आज भार घेत नाही म्हणून.

ज्याच्या मळ्यात हे होतं त्याला धनजीशा कूपर कोण, कुठल्या पक्षाचे, याच्याशी कर्तव्य नव्हतं. 'कूपर' म्हणजे इंजिन.

रेवा_मिरज

वाचतेय. एक प्रश्न पडला आहे. सत्यशोधक चळवळीतून आलेल्या, शेतकरी-बहुजनांच्या पक्षाचं जिल्ह्यातलं नेतृत्व एका पारशी कारखानदाराकडे गेलं कसं? चळवळीतल्या लोकांना ते खटकलं नाही?

वाठार_स्टेशन

रेवाताई, मला जे समजलं आहे ते सांगतो.

साताऱ्यात सत्यशोधक चळवळ खेड्यांत खोल गेली होती. जलसे, सभा, भटजीवाचून लग्नं. चळवळ गावची होती, पण १९१९ च्या सुधारणांनंतर निवडणुका आल्या आणि निवडणुकीला गाडी लागते, छापखाना लागतो, मुंबईत बंगल्यावर ओळख लागते. हे सगळं असलेली माणसं बहुजन समाजात त्या वेळी बोटावर मोजण्याइतकी. भास्करराव जाधवांसारखे शिकलेले नेते होते, ते इलाख्याचे मंत्रीही झाले. कूपर यांच्याकडे पैसा होता, सरकारदरबारी वजन होतं, आणि ब्राह्मण-मराठा वादात ते कुणाचेच भाऊबंद नव्हते. पाटलापाटलांच्या भांडणात तिसरा माणूस म्हणून ते दोघांनाही चालायचे. शिवाय ते मूळचे साताऱ्याचेच, बाहेरून येऊन बसलेले नव्हेत.

खटकलं ते पुढे. १९३० च्या सत्याग्रहानंतर हवा बदलली. केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्यामागे ब्राह्मणेतर पक्षातली तरुण फळी गेली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, शेतकऱ्यांच्या मागण्या पुढे आल्या. पक्षाची मुळं काँग्रेसकडे गेली आणि वर जी मंत्रिपदं, पदव्या, बोर्डं होती ती जुन्या नेत्यांकडे राहिली. कूपर त्या वरच्या भागात होते.

आणि नेमका त्याच वेळी मतदार बदलला. १९३५ च्या कायद्याने शेतसाऱ्याची अट खाली आणली. देशभरात मतदार सुमारे तीन कोटींवर गेले. आपल्या भागात याचा अर्थ असा, की ज्याच्या नावावर थोडकी जमीन आहे तो माणूस पहिल्यांदा मत द्यायला गेला. त्याला बोर्डाच्या अध्यक्षाशी बांधून ठेवणारं काही नव्हतं. कऱ्हाडकडे शेतकऱ्यांचा उमेदवार म्हणून आत्माराम पाटलांना काँग्रेसचं तिकीट मिळावं यासाठी यशवंतराव चव्हाण तेव्हा धडपडत होते. यशवंतराव जेमतेम तेवीस वर्षांचे, कॉलेजात शिकत होते. आत्माराम पाटील निवडून आले. साताऱ्याचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं राजकारण त्या प्रचारात तयार होत होतं.

आता 'ते का गेले' या माझ्याच प्रश्नाचं उत्तर. पंधरा वर्षं या माणसाने सत्ता हाती असण्यातूनच माणसं धरून ठेवली होती. बोर्ड हातात म्हणून शिक्षक हातात, मंत्रिपद हातात म्हणून बोर्ड हातात. सत्तेबाहेर बसून पक्ष वाढवायचा असतो हे त्यांच्या राजकारणात कधी आलंच नाही. १९३७ च्या मार्चमध्ये गव्हर्नरचं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणण्यासारखी जागा त्यांना त्यांच्या सगळ्या वाटचालीत कुठेच सापडली नसणार. तुम्ही याला लोभ म्हणा. मला ती सवय वाटते, आणि ती आजच्या कारखानदार-आमदारांत जशीच्या तशी दिसते.

तासगावकर

हे पटलं. तरी एक विचारतो. भांडवल कुठून आलं, यावर तुम्ही 'धंद्यात पैसा मिळवला' एवढंच लिहून पुढे गेलात. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की पैसा दारूच्या मक्त्यातला. त्या काळात अबकारीचे मक्ते लिलावाने जायचे आणि दख्खनमध्ये पुष्कळ मक्तेदार पारशी होते, हे तर सर्वज्ञात आहे. सत्यशोधक दारूबंदीचा प्रचार करत गावोगाव फिरत होते, आणि कूपर यांच्यानंतर आलेल्या खेर सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी लावली. नांगराच्या कारखान्याचा पाया जर दारूच्या पैशावर असेल तर तेही लिहा.

निवृत्त_मास्तर

तासगावकर, मक्त्याचं आमच्या वडिलांच्याही तोंडी होतं. पण एक सांगतो. त्या काळी मक्त्यातून पैसा मिळवलेली माणसं पुष्कळ होती. बहुतेकांनी तो पैसा सावकारीत घातला, मुंबई-पुण्यात बंगल्यांत घातला. ओतकामाची भट्टी पेटवणारा हा एकच निघाला. सावकारीत घातला असता तर कोरेगाव तालुक्यातल्या किती जमिनी गहाण पडल्या असत्या याचाही हिशोब करा.

तासगावकर

मास्तर, ही बाजू मी धरली नव्हती. तरी माझं मत कायम आहे, पैशाचं मूळ लिहिलं गेलं पाहिजे.

खाणकाम

कारखान्याचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही म्हणून थोडक्यात. १९४० च्या सुमाराला कूपर इंजिनिअरिंग वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेली. सातारा रोडची फाउंड्री पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजकडे आली. कूपर घराण्याचा उद्योग साताऱ्यात वेगळ्या कंपनीच्या रूपाने चालू आहे. इंजिनाचे सुटे भाग, इंजिनं, सगळं तिथे बनतं.

कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला कूपर हे नाव आणखी एका कारणाने माहीत असतं. कूपर इंजिनिअरिंगच्या एका कामगाराच्या बडतर्फीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७५ साली निकाल लागला. मालकाने केलेली खात्याची चौकशी रीतसर होती की नाही हा वाद असेल, तर कामगार न्यायालयाने तो मुद्दा आधी निकालात काढावा. चौकशी सदोष ठरली तर मालकाने पुरावा द्यायचा की नाही ते तिथेच ठरवावं. आजही देशभर हा निकाल दाखवला जातो. धनजीशांचं निधन १९४७ चं, म्हणजे त्यांचा याच्याशी संबंध नाही, पण कारखान्याच्या नावाचा प्रवास कुठवर गेला ते कळावं म्हणून लिहिलं.

कृष्णाकाठची_माती

सांगलीवाल्यांनी लक्षात घ्या, तेव्हा आपण सगळे साताऱ्यातच होतो. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्याचे. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. यशवंतरावांचं देवराष्ट्रे आज सांगलीत येतं. म्हणजे कूपर यांच्या लोकल बोर्डाखाली आपल्याही आजोबांच्या शाळा होत्या.

मला तुलना वसंतदादांशी करावीशी वाटते. दादांनी आधी तुरुंग बघितला, गोळी खाल्ली, आणि मग साखर कारखाना काढला. कारखाना दादांच्या मालकीचा नव्हता. शेतकऱ्यांनी शेअर घेतले, ऊस त्यांनीच घातला, संचालक त्यांनीच निवडले. कूपर यांच्या कारखान्यात शेतकरी गिऱ्हाईक होता, दादांच्या कारखान्यात सभासद. १९३७ ला कूपर यांचं सरकार गेलं तेव्हा जिल्ह्यात कुणाच्या घरी चूल पेटायची राहिली नाही. दादा १९७७ ला मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी सरकार पडलं, तेव्हा सांगलीत गावंच्या गावं हळहळली. आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नव्हतं. फरक तिथे आहे.

अबोली_कऱ्हाड

+१. आणि तरीही सहकारी कारखान्यातून आमदारकी, आमदारकीतून बँक, बँकेतून पुन्हा कारखाना हे चक्र नंतर फिरलंच. मास्तरांनी सांगितलेली बदल्यांची गोष्ट मी आमच्या तालुक्यातल्या नोकरभरतीबद्दल शब्दशः ऐकलेली आहे.

पाडळीचा_पोरगा

माती भाऊ, चूल पेटायची राहिली नाही हे खरं. पण कारखान्यात पगार वेळेवर मिळत होता म्हणून आमच्याकडच्या कितीतरी चुली पेटत होत्या, एवढं माझंही लिहून ठेवा. मोल्डिंगमध्ये, मशीन शॉपमध्ये शिकलेली आमची पोरं पुढं पुण्याला गेली, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागली. हात बसलेला होता म्हणून लागली.

वाठार_स्टेशन

दोघांचंही मूळ लेखाखाली जोडून घेतो.

रेवाताईंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, मग शेवटी यादीत घ्यायचं की नाही? माझं उत्तर: घ्यायचं. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी १९६० पासूनची, त्यात ते बसत नाहीत. पण साताऱ्याने राज्यकारभारात कोण कोण पाठवलं हे सांगताना पहिलं नाव कूपर यांचं येतं, आणि ते कसे आले तेही त्याच ओळीत सांगायचं. ८६ जागांची काँग्रेस बाहेर बसली होती, हे लपवायचं नाही. पाडळीच्या भट्टीचं आणि भाऊरावांना दिलेल्या बोलीचंही लपवायचं नाही.

पुढचं काम. सातारा रोडला जुन्या कामगारांपैकी जी वयस्कर माणसं आहेत त्यांच्याकडून ऐकून रेकॉर्ड करायचं ठरवलं आहे. पाडळीच्या पोराने ओळख करून द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांच्या गोठ्यात, माळ्यावर जुना नांगर पडून असेल त्यांनी त्याच्या बुडावर ओतीव अक्षरं आहेत का बघा. असतील तर खडूने घासून अक्षरं उठवा आणि फोटो टाका, गाव आणि तालुका लिहा. कुणाकडे लोकल बोर्डाचे नेमणुकीचे किंवा बदलीचे जुने हुकूम असतील तर तेही चालतील, नावं झाकून टाका. मास्तर, वडिलांचा हुकूम जपून ठेवला असेल तर तुमच्यापासून सुरुवात करू.

येत्या रविवारी सकाळी कोरेगावहून निघणार आहे. गाडीत दोन जागा आहेत, येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत व्यनि करा.

निवृत्त_मास्तर

हुकूम आहे. रविवारी घेऊन येतो, एक जागा माझी धरा.